कर्ता कोण?

दिवाळीच्या सुट्टीत मुलांनी किल्ला करायचा, हा आपल्याकडचा जुना शिरस्ता. कासारवाडीत आम्ही राहतो त्या इमारतीच्या जिन्यालगतही पाच-सहा वर्षांपूर्वीपर्यंत दरसाल किल्ला उभा राहत असे. फुटक्या विटा, गोणपाट, लाल माती, वर पेरलेले हळीव आणि पायथ्याशी कोणाच्या तरी खेळण्यांतली एक निळी मोटार. शिवकालाशी ती विसंगत होती खरी. पण तिच्या मालकाने माती वाहिली होती, तेव्हा तिला हलवायचे कोणी? किल्लेदार कोण, यावरून एक भांडण ठरलेले. ते मिटवायला मला खाली बोलावणे येई. मराठीचा प्राध्यापक म्हणजे त्याला इतिहासाची खडान्‌खडा माहिती असणार, अशी मुलांची प्रामाणिक समजूत होती, आणि ती मोडण्याइतका मी प्रामाणिक नव्हतो.

ती मुले आता अकरावी-बारावीत गेली. किल्ला बंद पडला. यंदा त्यांनी एकदम राष्ट्रच काढले आहे.

हे राष्ट्र जमिनीवर नाही. संगणकावर आणि मोबाइलवर आहे. 'नेशनस्टेट्स' नावाचा एक खेळ आहे. मॅक्स बॅरी नावाच्या ऑस्ट्रेलियन कादंबरीकाराने आपल्या नव्या कादंबरीची जाहिरात व्हावी म्हणून २००२ साली तो सुरू केला. खेळणाऱ्याला एक देश मिळतो. नाव, झेंडा, चलन ज्याचे त्याने ठरवायचे. मग रोज राज्यकारभाराचे प्रश्न समोर येतात. कर वाढवायचा का, वर्तमानपत्रांचे तोंड बांधायचे का, असे. जशी उत्तरे द्याल तसा देश घडतो किंवा बिघडतो. अठ्ठावीस दिवस तिकडे कोणी फिरकलेच नाही तर देश नाहीसा होतो. असे अनेक देश एकत्र येऊन एक मुलूख बनतो. या खेळात पूर्वी 'संयुक्त राष्ट्रे'ही होती. पण २००८ साली खऱ्या संयुक्त राष्ट्रांनी वकिली भाषेत पत्र धाडले, आणि खेळातल्यांना आपले नाव बदलावे लागले. खऱ्या राष्ट्रांच्या भांडणांत इतकी तत्परता क्वचितच दिसते, पण ते असो.

मुद्दा असा की मुलखाचा कारभार कसा चालवावा, पंतप्रधान कसा निवडावा, भांडणे कोणी मिटवावी, हे तो खेळ सांगत नाही. ते खेळणाऱ्यांनी आपसांत ठरवायचे. म्हणजेच घटना लिहायची! आमच्या मुलखात अकरा जण. आमचे चिरंजीव संस्थापक. एक पंतप्रधान, एक अर्थमंत्री, एक संरक्षणमंत्री, दोन परराष्ट्रमंत्री (दोघांनाही तेच खाते हवे होते), आणि दुसऱ्या मजल्यावरची एक मुलगी सरन्यायाधीश. नागरिक उरले चार. मुलखाचे नाव मी येथे देत नाही, कारण त्या नावावरूनच त्यांच्यात पहिली यादवी झाली. घटना इंग्रजीत लिहावी की मराठीत, यावर मतदान झाले आणि मराठी एका मताने निवडून आली. कासारवाडीतसुद्धा मराठीला निवडणूक लढवावी लागते!

"बाबा, शुद्धलेखन तेवढे बघा," म्हणून चिरंजिवांनी वसुबारसेच्या आदल्या संध्याकाळी एक वही माझ्यापुढे टाकली. चौऱ्याऐंशी कलमे. दोन दिवसांत लिहिलेली.

मी म्हटले, "भारताच्या घटनेला दोन वर्षे, अकरा महिने आणि अठरा दिवस लागले होते."

"त्यांच्याकडे कॉपी-पेस्ट नव्हते," चिरंजीव म्हणाले.

यावर काय बोलायचे? मी लाल पेन उघडले.

ऱ्हस्वदीर्घाची गोष्ट सोडून देतो. सतराव्या कलमाशी येऊन मी थांबलो. "सलग तीन मतदानांस गैरहजर राहणाऱ्या नागरिकाचे नागरिकत्व रद्द करण्यात येईल." अठरावे कलम त्याहून वरताण. "मुलखाच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक वाटल्यास कोणाही नागरिकास काढून टाकता येईल." शुद्धलेखनाच्या दृष्टीने दोन्ही कलमे निर्दोष होती. पण वीस वर्षे व्याकरण शिकवून माणसाला एक खोड लागते. वाक्य दिसले की तो कर्ता शोधू लागतो. येथे कर्ताच नव्हता. रद्द करण्यात येईल, पण कोणाकडून? आवश्यक वाटल्यास, पण कोणास?

आपल्या मराठीत ही एक मोठी सोयीची रचना आहे. 'मी तुला काढतो' म्हणायला छाती लागते. 'तुला काढण्यात आले आहे' म्हणायला लागत नाही. क्रिया घडते, पण करणारा गुप्त! सगळ्या सरकारी पत्रांचा, नोटिसांचा आणि परिपत्रकांचा डोलारा या एका 'ण्यात येईल'वर उभा आहे. एका महाविद्यालयात (कोणत्या ते विचारू नये) 'वर्गांतील पंखे दुरुस्त करण्यात येतील' अशी सूचना फलकावर लागली होती. तीन उन्हाळे ती तिथेच पिवळी पडत राहिली. त्या वाक्याला कर्ता मिळाला असता तर पंखेही फिरले असते.

मी चिरंजिवांना विचारले, "या सतराव्या कलमाखाली कोणाला काढलेत की काय?"

"हो, एकाला. घटनेनुसार."

"कोणी काढले?"

"सांगितले ना, घटनेने!"

खरी हकीकत मला सरन्यायाधीशांकडून कळली. काढलेला मुलगा फुगेवाडीचा. चिरंजिवांच्याच वर्गातला. मतदान संध्याकाळी सहा ते आठ. या मुलाच्या घरी मोबाइल एकच, आणि तो वडिलांबरोबर भोसरीच्या कारखान्यात जातो. वडिलांची बारा तासांची पाळी. ते घरी येणार रात्री नवाला. म्हणजे मुलाचा देश रोज रात्री नऊनंतर जागा होई, तेव्हा लोकशाही आटोपलेली असे. तीन मतदाने हुकली आणि नागरिकत्व रद्द 'करण्यात आले'. मुलगा काही बोलला नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून तो वर्गात चिरंजिवांच्या बाकावर बसेनासा झाला.

सौ. स्वयंपाकघरात चकल्या पाडीत होत्या. तिथूनच त्या म्हणाल्या, "म्हणजे तुमच्या राज्यात ज्याच्या खिशात फोन तोच नागरिक, असेच ना?"

चिरंजिवांना ते लागले. ते म्हणाले, "आई, नियम सगळ्यांना सारखा आहे."

नियम सगळ्यांना सारखा होता, हे अगदी खरे. मला औंध आठवले ते त्याच क्षणी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे मंत्रिमंडळ आमच्या दिवाणखान्यात फराळाला जमले. मी औंधाचे नाव काढताच संरक्षणमंत्री म्हणाले, "काका, औंध म्हणजे आपले? सांगवीचा पूल ओलांडला की?" ते औंध नव्हे. हे औंध साताऱ्याकडचे, खटाव तालुक्यातले, यमाई देवीचे. तिथे पंतप्रतिनिधींचे संस्थान होते. बहात्तर गावांचे, पाऊण लाखाच्या आसपास वस्तीचे आणि तेही सलग नव्हे; एक तुकडा इकडे, आटपाडीचा एक तिकडे, एक पार विजापुराकडे. नकाशावर शिंतोडे उडाल्यासारखे. १९०९ पासून तिथे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी राज्य करीत होते. स्वतः चित्रे काढणारे, कीर्तन करणारे आणि सूर्यनमस्काराचे जबर अभिमानी. किर्लोस्करांना कारखान्यासाठी माळावर जागा दिली ती यांनीच. १९१० सालची किर्लोस्करवाडी ती. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' ज्यांनी वाचली असेल त्यांना तालमीच्या उद्घाटनाला वाडीत येणारे राजेसाहेब आठवतील. ते हेच औंधकर.

तर या राजाने १९३८ च्या नोव्हेंबरात जाहीर केले की राज्याचा सगळा कारभार मी प्रजेच्या हाती देतो. कोणी बंड केले नव्हते. इंग्रजांचा हुकूम नव्हता. उलट संस्थानिकांनी असले खूळ करू नये असेच त्यांना वाटत असणार. राजाच्या पदरी तेव्हा मॉरिस फ्रिडमन नावाचा एक पोलिश ज्यू अभियंता होता. वॉर्साहून निघून बंगलोरच्या कारखान्यात आलेला आणि गांधींच्या नादी लागलेला. (मुंबईच्या निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणे पुढे इंग्रजीत नेणारे फ्रिडमन ते हेच.) हे फ्रिडमन आणि ऑक्सफर्डहून बॅरिस्टर होऊन आलेले राजपुत्र अप्पासाहेब पंत असे दोघे सेवाग्रामला गेले आणि घटनेचा आराखडा गांधींपुढे बसून सिद्ध झाला. २१ जानेवारी १९३९ रोजी औंधाची घटना अमलात आली.

या घटनेचा पाया गावाची पंचायत. गावाने पंच निवडायचे, गावांतून तालुका आणि तालुक्यांतून राज्याची सभा. म्हणजे इमारत खालून वर बांधायची. आणि राजाचे काय? तो राजा राहिला, पण त्याच्या खासगी खर्चाला मर्यादा पडली. राजपुत्राकडून गांधींनी मागणी केली ती निराळीच. दहा वर्षे इथेच राहून खेड्यांत काम करायचे! ऑक्सफर्डच्या बॅरिस्टराला ही घटना सहीपुरती नव्हती.

"पण राजाने आपणहून का दिले?" अर्थमंत्र्यांनी विचारले. चकली त्यांच्या हातात तशीच राहिली होती.

याचे सरळ उत्तर माझ्यापाशी नव्हते. राजा तेव्हा सत्तरीला आलेला होता. देऊन टाकण्याचा तो काळ होता असे म्हणावे, तर त्याच काळात दुसरे डझनावारी संस्थानिक दोन्ही हातांनी गाद्या धरून बसले होते.

परंतु मला मुलांना सांगायचे होते ते कलम निराळे. औंधात मत देणाऱ्याला लिहितावाचता यावे, असा गांधींचा आग्रह होता. नियम सगळ्यांना सारखा! त्यांचा हेतू असा की मग राज्याला सगळ्यांना शिकवावेच लागेल. अट प्रजेवर दिसते, पण ओझे सरकारवर. साक्षरतेचे काम तिथे हाती घेतलेही गेले. तरी मला राहून राहून वाटते की जो मेंढरामागे माळावर होता, त्याला पहाटे शाळेत कोण बसवणार? तो शिकेपर्यंत मताबाहेरच. गांधींसारख्याच्या हातूनही कलमात एक माणूस बाहेर राहतो. दहा वर्षांनी भारताची घटना झाली तेव्हा ही अट ठेवली नाही. त्या वेळी देशात शंभरांतले ऐंशीहून अधिक लोक निरक्षर होते. त्यांच्यासाठी १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत पेट्यांवर चिन्हे चिकटवली. बैलजोडी, झोपडी, दिवा. ज्याला अक्षर येत नाही त्याला बैल तर ओळखता येतो! मतदाराला पेटीपर्यंत यायला जमत नसेल तर पेटी बदलायची, मतदार नव्हे.

इतके ऐकल्यावर सरन्यायाधीश म्हणाल्या, "मग आपली पेटी रात्री साडेदहापर्यंत उघडी ठेवू." ठराव मंजूर. सतरावे कलम खोडले. पाच मिनिटांत झाले.

अठराव्यावर मात्र दुपार गेली. चिरंजीव हटेनात. त्यांचा युक्तिवाद ऐकण्यासारखा होता, म्हणून देतो. या खेळात धाडी पडतात. परक्या मुलखाचे लोक साळसूदपणे नागरिक होऊन येतात, मते जमवून सत्ता घेतात आणि मूळच्या रहिवाशांना हाकलून झेंडा बदलतात. संस्थापकाच्या हाती किल्ली असेल तर तो एका क्षणात त्यांना बाहेर काढू शकतो. सभा बोलावून मतदान घेत बसलो तर तोवर मुलूख गेला! "आणि बाबा, घटनेत काहीही लिहा, किल्ली खेळाने मलाच दिली आहे. मी घटना पाळतो म्हणून ती आहे."

मुलगा खोटे बोलत नव्हता. औंधातसुद्धा कागदाच्या मागे एक राजाच उभा होता. त्याने शब्द फिरवला असता तर बहात्तर गावांनी काय केले असते? आणि संकटाची गोष्टही खोटी नाही. भारताच्या घटनेतही आणीबाणीचे कलम आहेच. मी मुलांना तीही हकीकत सांगितली. २५ जून १९७५ च्या रात्री 'अंतर्गत अशांतता' या दोन शब्दांवर आणीबाणीच्या कागदावर राष्ट्रपतींची सही झाली. मंत्रिमंडळ जमले ते दुसऱ्या दिवशी सकाळी, सही झाल्यानंतर. पुढे १९७८ साली चव्वेचाळिसावी दुरुस्ती झाली तेव्हा ते दोन शब्द काढून 'सशस्त्र बंड' असे घातले, आणि मंत्रिमंडळाचा निर्णय राष्ट्रपतींना लेखी कळवल्यावाचून आणीबाणी पुकारता येणार नाही असे ठरवले. मला विचाराल तर त्या दुरुस्तीतली सर्वांत मोठी गोष्ट 'लेखी' ही आहे. कोणास वाटले, याचे उत्तर कागदावर आले. वाक्याला कर्ता मिळाला. पण त्यासाठी एकवीस महिन्यांची आणीबाणी आणि हजारोंची तुरुंगवारी व्हावी लागली.

"आणि एवढे करून कर्त्यानेच मोडले तर?" सरन्यायाधीशांचा प्रश्न.

कासारवाडीहून लोणावळ्याच्या लोकलने निघाले की चौथे स्टेशन देहूरोड. तिथे डॉ. आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची स्थापना केली, हे या मुलांना ठाऊक आहे. त्या बाजूची दोघे-तिघे दरसाल तिथे जातात. त्याच आंबेडकरांनी पाच वर्षे आधी, २५ नोव्हेंबर १९४९ ला, घटनासमितीत शेवटचे मोठे भाषण केले. मसुद्यावर साडेसात हजारांवर दुरुस्त्यांच्या सूचना आल्या होत्या आणि त्यांतल्या जवळजवळ अडीच हजारांचा सभागृहात निकाल लागला होता. मसुदा समितीतल्या सातांपैकी कोणी राजीनामा दिलेला, कोणी वारलेला, कोणी परदेशी. काम बहुतेक या एकट्याच्या अंगावर पडले, असे टी. टी. कृष्णम्माचारींनी सभागृहातच सांगितले होते. इतके करून हा माणूस उभा राहिला तो काय सांगायला? की घटना कितीही चांगली असली तरी ती राबवणारे वाईट निघाले तर ती वाईटच ठरेल. आपल्या हाताने घडवलेल्या वस्तूविषयी इतके कोरडे कोण बोलतो?

चिरंजीव बराच वेळ वहीच्या कोपऱ्यावर रेघोट्या मारीत बसले. मग म्हणाले, "औंधाचे पुढे काय झाले?"

औंधाची घटना नऊ वर्षे चालली. मुलांच्या दृष्टीने हे काही फार नव्हे. पण त्या नऊ वर्षांत आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत निघाली, जिथे कैद्यांना भिंतीआड न कोंडता शेती करू दिली. १९५७ च्या 'दो आँखें बारह हाथ' चित्रपटाची कल्पना तिथलीच आणि ती पडद्यावर आणणारे ग. दि. माडगूळकर त्याच मुलखाचे. १९४२ नंतर साताऱ्यात प्रतिसरकार उभे राहिले तेव्हा पोलिसांचा ससेमिरा चुकवणाऱ्यांना औंधाच्या हद्दीत थारा मिळाला. कुंडल तर औंधाचेच गाव. मग स्वातंत्र्य आले आणि ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. ती घटना आणि तिच्या पंचायती नव्या राज्याच्या कारभारात मिसळून गेल्या. गांधी त्या आधी पाच आठवडे गेले होते. राजपुत्राला नेहरूंनी त्याच वर्षी भारताचा प्रतिनिधी म्हणून पूर्व आफ्रिकेत पाठवले.

"म्हणजे किल्ली शेवटी दिल्लीला गेली," पंतप्रधान म्हणाले. अकरावीतला मुलगा, पण राजकारण त्याला कळते.

दिवेलागणीला अठरावे कलम नव्याने लिहून झाले. ते माझ्या हस्ताक्षरात आहे, कारण तोवर सगळ्यांचे हात तुपकट झाले होते. "परका धाड घालीत आहे असे संस्थापकाला वाटले तर संस्थापक त्याला बाहेर काढील, कारण लेखी देईल, आणि सरन्यायाधीश दोन दिवसांत ते कारण तपासतील. कारण पटले नाही तर काढलेला परत येईल." दोन वाक्ये, आणि प्रत्येकाला कर्ता. वाचताना चिरंजिवांचा चेहरा थोडा उतरलेला वाटला. मीही जरा वरमलो. 'काढील' हा शब्द उघडा लिहिला की किती बोचतो!

त्याच रात्री साडेनऊला फुगेवाडीच्या मुलाला परत घेतले. त्याला फोन चिरंजिवांनी स्वतः केला, दार लावून घेऊन. काय बोलणे झाले ते मला माहीत नाही. परत आल्याआल्या त्याने पहिले मत दिले ते चिरंजिवांच्या ठरावाविरुद्ध. ठराव पडला.

किल्लीचा प्रश्न उरलाच होता. त्यावर सरन्यायाधीशांनी तोडगा काढला. संस्थापकाने आपला परवलीचा शब्द कागदावर लिहून पाकिटात घालावा, पाकीट लाखेने बंद करावे आणि ते तिऱ्हाइताकडे ठेवावे. संस्थापकाने घटना मोडली असा निकाल लागला तरच ते फोडायचे. तिऱ्हाईत म्हणून सौ. एकमताने निवडून आल्या. माझे नाव कोणी सुचवलेही नाही. लाख घरात नव्हती, म्हणून मेणबत्तीचे मेण लावले. पाकीट तूर्त तांदळाच्या डब्यात आहे.

पाडव्याच्या सकाळी मी सहज चिरंजिवांना विचारले, "आतला शब्द खरा आहे ना रे?"

ते म्हणाले, "बाबा, तुम्ही डबा उघडून बघणार आहात का?"

मी नाही म्हटले.